तिरपे सात गाळे

माजं गाव म्हसळ्याच्या पलीकडं, खाडीच्या काठाला, आता तिथं निम्मी घरं कुलपात हायत कारण माणसं सगळी इकडं आखातात, कुणी कुवेतला कुणी दुबईला, पण माज्या लहानपणी गाव भरलेलं व्हतं. माजा बाप गवंडी. जांभ्या चिऱ्याचं काम त्याच्यासारखं आमच्या पंचक्रोशीत कुणाचं नव्हतं, हे मी सांगत नाय, लोक सांगतात. मी त्याच्या हाताखाली चिखल कालवायचो, चिरे उचलून द्यायचो, भिंत सरळ उभी राहते का बघायला ओळंबा धरायचो. बस, तेवडंच. हे आधी सांगून ठेवतो ताई, कारण पुढं सगळं यावरच हाय. मी गवंडी नव्हतो. मी गवंड्याचा पोरगा व्हतो.

तर इकडं यायचं जमलं ते आमच्या मामूमुळं. मामू दोह्यात एका अरबाकडं ड्रायव्हर व्हता, त्याला कुणीतरी विचारलं गवंडी हाय का तुज्याकडं, आणि मामूनं बोलून टाकलं हाय, माजा भाचा, मोठा उस्ताद हाय. बावीस वर्षांचा उस्ताद. घरून निघालो तेव्हा बापानं त्याची थापी माज्या पिशवीत घातली, त्याला माहीत व्हतं ना कोण उस्ताद न् कोण काय.

हे जिथं आता तुमी बसलाय ते दोह्याहून पश्चिमेला, अल रय्यान मागं टाकलं की दुखानच्या रस्त्याला लागून. आता तुमाला इथं सिग्नल दिसतो, फार्मसी दिसते, पोरं मोबाईल रिपेरिंगला रांग लावतात. तेव्हा काय व्हतं काय सांगू तुमाला. दहा-बारा घरं, एक विहीर, बकऱ्या, उंट आणि वारा. मशीद नाय, रस्ता पक्का नाय, दुकान एक नाय. काडीपेटी पायजे तर दोह्याला माणूस पाठवायचा. म्हणून आमच्या अरबाबनं ठरवलं आपल्या जागेत गाळे बांधायचे. अरबाब म्हंजे मालक, माजा कफील, ज्याच्या व्हिसावर मी आलो तो, माज्याहून वीसेक वर्षांनी मोठा माणूस, उंच, आवाज एकदम हळू. तो मला इथं घेऊन आला, वाळूत उभा राहिला आणि बोलला, इसाक, सात गाळे. बाकी कसंही बांध, तुजं तू बघ. एकच गोष्ट. पाठची भिंत किब्ल्याकडं पायजे, मक्केच्या दिशेला. दुकानदार बसल्या जागी नमाजाला उभा राहील तर समोर सरळ भिंत आली पायजे. मी बोललो इन्शाल्ला. आणि तो बायकोच्या दवापाण्यासाठी बहारीनला निघून गेला, दीड महिना आला नाय.

आता बघा. मला येऊन आठ दिवस झालेले. दोह्यात खोलीत सगळे जिकडं तोंड करून नमाज पढायचे तिकडं मी पढायचो, खोलीत खिडकी नाय, सूर्य कुठला न् चंद्र कुठला. इथं उघड्यावर आलो तर कुणाला विचारायचं? माज्याबरोबर दोन मलबारी, एक कादर आणि दुसरा त्याचा मेव्हणा. त्यांना मी विचारणार, किब्ला कुठं हाय? उस्ताद माणूस विचारणार? आणि विचारायचं तरी कशाला, किब्ला म्हंजे मावळती, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. आमच्या गावची मशीद बांधली तेव्हा बाप मला खांद्यावर घेऊन गेला व्हता, तो सांगायचा, मावळतीकडं बघ आणि चार बोटं उजव्या अंगाला सरक, तिथं मक्का. मी तेच केलं. संध्याकाळी खुंटी मारली, दोरी ताणली, चार बोटं उजवीकडं. कादरनं मान हलवली, बोलला बरोबर उस्ताद, आमच्याकडं पण असंच. त्याच्याकडं पण असंच असणार ना ताई, तोही त्याच किनाऱ्यावरचा. आमी तिघं दर्याच्या त्या बाजूची माणसं. आमच्याकडून मक्का उजवीकडं. पण दर्या ओलांडून इकडं आलात की ती डावीकडं जाते. हे मला कुणी सांगितलं नाय आणि मी कुणाला विचारलं नाय.

काम मात्र झकास केलं, खोटं कशाला बोलू. सिमेंटचे ब्लॉक मी आयुष्यात पयल्यांदा हातात घेतलेले, पण चिऱ्यापेक्षा ते हलके, सरळ, त्यांना तासायला लागत नाय. ओळंबा धरायची सवय व्हतीच. सात गाळे, प्रत्येकाला लाकडी दार, वर सपाट छप्पर, पुढं माणसाला सावली मिळेल एवडा सज्जा. आजही बघा, एका भिंतीला पोट आलंय का? नाय येणार.

अरबाब परत आला तेव्हा भिंती पार दाराच्या वर गेल्या व्हत्या. गाडीतून उतरला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला, हात लावून बघितलं, मागं जाऊन आला. बोलला ज़ैन, ज़ैन इसाक. म्हंजे झकास. माजी छाती ही एवडी झाली. मंग असरची, दुपार कलल्यावरच्या नमाजाची वेळ झाली. त्यानं वाळूतच चटया टाकायला लावल्या, आमी तिघं मागं, तो पुढं इमाम. आणि तो उभा राहिला तो असा, डावीकडं वळून. मी त्याच्या मागं उभा राहिलो, माजे पाय त्याच्याबरोबर वळले, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला माजी भिंत दिसली. ती भलतीकडं बघत व्हती. थोडी नाय, चांगली तिरपी. त्या नमाजात मी काय पढलो मला आठवत नाय, अल्ला माफ करो.

तेव्हाच बोलायला पायजे व्हतं. तुमी पण मनात हेच बोलताय, मला दिसतंय तुमच्या तोंडावर. पण तो ज़ैन बोलून बसला व्हता. मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? एक तर भिंती पाडायला लावल्या असत्या, आणि मंग पयला सवाल आला असता, कसला रे तू उस्ताद, मुसलमान असून किब्ला चुकतोस? पुढच्या विमानात बसवलं असतं. मामूचं तोंड काळं, बापाचं तोंड काळं, गावात पोरं गाणी करतील, इसाकचा किब्ला बोलून. मी ठरवलं, गप बसायचं. ज्याला दिसलं नाय त्याला दाखवायला कशाला जायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. असं मी तेव्हा बावीस वर्षांच्या अकलेनं ठरवलं आणि त्या अकलेवर पुढची सगळी वर्षं काढली.

अरबाबनं मला परत पाठवलं नाय, उलट इथंच ठेवला. बोलला तू बांधलेत, तूच सांभाळ. सातवा गाळा मला दिला. नळ, पाईप, कुलपं, बिजागऱ्या, खिळे, हे माजं दुकान तेव्हापासून. चौथा त्यानं स्वतःला ठेवला, त्यात दोरखंड, तंबूची कापडं, उंटांचा चारा, पाण्याच्या टाक्या. बाकी पाचांत माणसं येत-जात राहिली. पयल्यात बकाला, म्हंजे आपलं किराणा, तो इराणी मोठा गोड माणूस, त्याच्या बरणीतल्या गोळ्या गावातल्या सगळ्या पोरांनी खाल्ल्या. दुसऱ्यात लाँड्री. तिसऱ्यात पेशावरचा शिंपी, त्यानं बावीस वर्षं एका मशीनवर काढली. पाचव्यात न्हावी, मंग व्हिडिओ कॅसेटचं दुकान, मंग टेलिफोनच्या केबिना, मंग मोबाईल. सहाव्यात चहावाला, आता त्याचा पुतण्या. जगात काय चाललंय ते मला पाचव्या गाळ्यावरून कळायचं.

तर या पाच जणांची नमाज माज्या डोक्यावर ना? माज्या भिंतीकडं बघून पढणार, चुकणार, आणि पाप कुणाचं? मी एक युक्ती काढली. नवीन माणूस आला की मी नळ बघायच्या निमित्तानं आत जायचो, आणि बोलायचो, भाई, चटई सरळ टाकू नको, अशी तिरपी टाक, या फटीतून वारा येतो, बरं वाटेल. कुणी विचारलं गाळे असे तिरपे का, तर तेच, वाऱ्यासाठी. उत्तरेची वाळू आत येऊ नये, नुसता वारा यावा म्हणून असे बांधलेत, उस्ताद लोकांची विद्या हाय ती. इतकं सांगितलं, इतकं सांगितलं की मोठे मोठे इंजिनियर मान डोलवायचे. दोह्याच्या वेस्ट बेमध्ये काम करणारा आपला एक पुण्याचा इंजिनियर आला व्हता, तो तर बोलला वा चाचा, हे आजकालच्या लोकांना कळत नाय. मी बोललो कुठून कळणार.

पण अरबाबला वारा कसा सांगणार? आत तो समोरची भिंत बघून सरळच उभा राहत असणार, असं मी धरून चाललो. त्याच्या गाळ्यात चटई तिरपी टाका हे सांगायला मी कोण? आणि सांगितलं तर तो विचारणार का. दुपारी जोहरची नमाज तो तिथंच पढायचा, आधी मशीद नव्हती म्हणून, मंग मशीद झाली तर गुडघे गेले म्हणून. आणि दुपार झाली की तो दारात येऊन मला हाक मारायचा. तआल या इसाक, ये, दोघं पढू, जमातीची नमाज होईल. रोज. आणि मी रोज काहीतरी सांगायचो. हात ग्रीसचे हायत अरबाब. गिऱ्हाईक हाय. तिकडं पाईप फुटलाय. मी पढलो आत्ताच. खोटं, ताई, नमाजाच्या बाबतीत खोटं. कारण मी त्याच्या शेजारी उभा राहून त्या भिंतीकडं तोंड करून अल्लाहू अकबर बोलू शकत नव्हतो. आणि वेगळ्या दिशेला उभा राहिलो तर तो बघणार. म्हणून जोहरच्या वेळी मी त्याच्या गाळ्यासमोरून जातसुद्धा नव्हतो, मागून वळसा घालायचो उन्हात.

एकदा सुट्टीवर गेलो तेव्हा गावच्या मौलवींना विचारलं. बोललो माज्या एका दोस्ताचं असं असं झालंय. मौलवी हसले, त्यांना कळलं असणार दोस्त कोण ते. बोलले, बघ, ज्याला ठाऊक नाय त्याची नमाज अल्ला कबूल करणारा, तो रहीम हाय. काही लोकांत थोडं इकडं तिकडं चालवून घेतात, पण आपण शाफई पंथाचे, आपल्यात हे बारकाईनं बघतात. आणि ज्याला ठाऊक हाय आणि जो सांगत नाय, त्याचं काय ते तुज्या दोस्तानं स्वतःला विचारावं. मी परत आलो तो ठरवूनच आलो की सांगायचं. विमानतळावर अरबाब स्वतः न्यायला आला व्हता. बोलला घरी सगळे खुशाल? बाप कसा हाय? मी बोललो खुशाल. बस, तेवडंच बोललो.

मशीद झाली तेव्हा तर माजी झोप उडाली. सरकारी माणसं यंत्रं घेऊन आली, मोजून मापून किब्ल्याची भिंत घातली. आता मशिदीच्या गच्चीवर चढलं की खाली मशिदीची भिंत, समोर माज्या गाळ्यांची, आणि दोन्ही एकमेकींना तिरप्या. शेंबड्या पोराला दिसेल. नंतर रस्ता आला तो तिसऱ्याच दिशेला, म्हणून आपल्या पुढं हे तिकोनी अंगण राहिलं. लोकांना ते आवडतं, गाड्या लावतात, ईदला खुर्च्या टाकतात. मला वाटायचं आज कुणीतरी बोलणार. कुणी बोललं नाय. चोराच्या मनात चांदणं बोलतात ना, ते चांदणं माज्या मनात रोजचं.

अरबाब वारला त्याला नऊ वर्षं झाली. आजारी व्हता शेवटी, घरी भेटायला गेलो तर माजा हात धरून बसला, बोलला काय इसाक, सांग काहीतरी. मी बोललो अरबाब, चौथ्या गाळ्याच्या दाराला रंग मारून घेतो. तो बोलला ज़ैन. मंग दोन दिवसांनी गेला. मी कबरीत माती घातली या हातांनी आणि घरी येऊन माज्या खोलीत इतका रडलो की चहावाला धावत आला. त्याला वाटलं मालक गेला म्हणून रडतोय. मालक गेला म्हणून तर रडत व्हतोच. पण तो माणूस त्याच्या सगळ्या दुपारच्या नमाजा माज्या चुकीकडं तोंड करून घेऊन गेला, आणि आता सांगायलासुद्धा जागा राहिली नाय, हे कुणाला बोलणार?

आता हे गेल्या महिन्यातलं. गाळे पाडायचे ठरलेत. अरबाबचा मुलगा जासिम, पन्नाशीचा हाय, माज्यासमोर लहानाचा मोठा झाला, तो इथं तीन मजली बांधतोय. त्याचं चुकत नाय, पायपा सडल्यात, वायरी जुन्या. तर पाडायच्या आधी जुन्या इमारतींची नोंद ठेवायची असते म्हणून एक पोरगी आली. इथलीच, कतरची, शिकलेली, हातात लेझरचं मोजायचं यंत्र. प्रत्येक गाळा मोजला, फोटो काढले, कुठल्या गाळ्यात कधी कोण व्हतं ते मला विचारून विचारून लिहिलं, मी पण सगळं सांगितलं, इराण्याच्या गोळ्यांपासून. जासिम शेजारी उभा. मंग ती बोलली, अंकल, एक गोष्ट समजत नाय. हे गाळे रस्त्याला समांतर नायत, मशिदीला नायत, जुन्या घरांना नायत. असे का बांधले?

तोंडात आलंच व्हतं, वाऱ्यासाठी. तिचं पेन कागदावर टेकलेलं. आणि माज्या मनात आलं, इसाक, ही लिहून ठेवणार हाय. तू मरशील, गाळे जातील, आणि कागदावर राहील की उस्तादानं वाऱ्यासाठी असे बांधले. लोकांना बोललेलं खोटं लोकांबरोबर जातं. हे नाय जाणार.

मी बोललो, पोरी, चूक झाली. मी खाली बसलो पायरीवर आणि माज्या मोडक्या अरबीत सगळं सांगितलं. बापाची चार बोटं, कादरनं हलवलेली मान, वारा, चटया, सगळं. जासिमकडं बघायची हिंमत नव्हती. जमिनीकडं बघून बोललो, जासिम, तुज्या बाबांची नमाज मी बिघडवली. त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली व्हती. ते गेले आणि मी सांगितलं नाय. तू मला माफ करशील तर कर, त्यांची माफी मी वर जाऊन मागीन.

जासिम वळला, चौथ्या गाळ्याचं कुलूप काढलं आणि मला आत ये बोलला. त्या गाळ्यात मी फरशी कधी बसवली नव्हती, अरबाब बसवूच द्यायचा नाय, बोलायचा माजा गालिचा बरा. गालिच्यावर गालिचा, त्याच्यावर गालिचा. जासिमनं एक एक ओढून बाजूला केला, धूळ उडाली, खाली माजा कोबा, त्या वेळचा, मी घोटलेला. आणि त्या कोब्यात एक रेघ. खिळ्यानं ओढलेली, मी घोटून गेल्यावर, कोबा ओला असताना, कडेला सिमेंट वर आलेलं. भिंतीला तिरपी. मी उंबऱ्यावर उभा राहिलो, मशिदीची किब्ल्याची भिंत बघितली, रेघ बघितली. त्या रेघेवर पाय ठेवून उभं राहिलं की तोंड बरोब्बर किब्ल्याकडं.

जासिम बोलला, मी लहान असताना मला वाटायचं सगळ्यांचे बाप चटई अशी तिरपीच टाकतात. मंग मोठा झाल्यावर विचारलं, बाबा, इसाकला का नाय सांगत? तर बोलले, सांगितलं तर तो आजच्या आज भिंत पाडेल, बिचारा दर्या ओलांडून आलाय. त्याचा तो सांगेल. त्याला सांगू दे.

म्हंजे तो वाट बघत व्हता ताई. हात धरून सांग काहीतरी बोलला, तेव्हा पण. आणि मी त्याला दाराचा रंग सांगितला.

ती पोरगी टेप घेऊन खाली बसली, रेघ मोजायला. तिला काय, तिचं काम. मोजली आणि बोलली, ही एका माणसासाठी जास्तच लांब हाय ना? जासिम बोलला दोघांची हाय. बाबा रोज दोन चटया टाकायचे. एक त्यांची आणि उजव्या हाताला एक इसाकची. मंग दारात जाऊन हाक मारायचे. नाय आला की दुसरी घडी घालून ठेवायचे.

काय सांगू तुमाला. इतकी वर्षं, रोज. मी मागून उन्हात वळसा घालत व्हतो.

त्या दिवशी जोहरला मी चौथ्या गाळ्यात गेलो. चटई माज्या जागेवर टाकली, उजवीकडच्या, त्यांची जागा मोकळी ठेवली. जासिम बाहेर उभा व्हता, त्याला बोललो तू मशिदीत जा, माजं जरा राहिलेलं हाय. तेव्हापासून रोज जातो. गाळे ईदनंतर पाडणार, तोवर जाईन. मंग गावाला, बायको वाट बघतेय, नातवंडं फोनवर इंग्लिशमध्ये ओरडतात कधी येणार. त्या पोरीनं कागदावर काय लिहिलं मला वाचून दाखवलं. लिहिलंय, हे गाळे इसाकनं बांधले, किब्ला चुकला, मालकाला पयल्यापासून माहीत व्हतं. मी बोललो बरोबर, असंच ठेव. अल्ला त्यांना जन्नत देवो, आणि तिथं दुपारी त्यांनी हाक मारली तर या वेळी मला लगेच उठायची बुद्धी देवो.